ती बाई आली नव्हती

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे नवी बॅच सुरू होते. प्रभादेवीला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथल्या मागच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. कुणी लालबागहून चालत आलेली असते, कुणी पार बदलापूरहून. घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आमची कंपनी बायका पाठवते. अंघोळ घालायची, कूस बदलायची, औषधं द्यायची, डायपर बदलायचे. हे सगळं कसं करायचं ते मी शिकवते. पण पहिला तास माझा नसतो, सरांचा असतो. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. त्या तासात ते काही शिकवत नाहीत. एक गोष्ट सांगतात.

"माझी आई गिरगावात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची," असं ते सुरू करतात. आवाज मुद्दाम खाली आणतात, म्हणजे मागच्या बायका पुढे वाकतात. "ऐंशी वर्षांची. चालताना आधार लागायचा, म्हणून ब्युरोतून एक बाई ठेवली होती. त्या दिवशी ती बाई आली नव्हती. आई पाणी घ्यायला उठली आणि पडली. तीन तास जमिनीवर पडून होती. मी दार उघडून आत गेलो, तर तिनं मान वळवली आणि एवढंच विचारलं, 'कुणी आलं का?'"

इथे ते थांबतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतात, पाणी पीत नाहीत, परत लावतात.

"त्या दिवशी मी ठरवलं, की या शहरात कुठल्याच आईला असं विचारायची वेळ येता कामा नये. तुम्ही इथे नोकरीला आलेला नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलेल्या आहात."

तोपर्यंत चार-पाच जणींनी तरी डोळ्यांना पदर लावलेला असतो. मी दाराजवळ हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी असते. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली ते मोजलेलं नाही. त्या गोष्टीत न आलेली बाई मी आहे.

तेव्हा मी तिशीची होते. घोडपदेवला आईकडे परत आले होते, माझ्या मुलीला घेऊन. नवऱ्याचं काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. परळच्या एका हॉस्पिटलात काही महिने वॉर्डात काम केलेलं होतं, तेवढ्या अनुभवावर ब्युरोनं मला गिरगावात पाठवलं. सकाळी आठ ते रात्री आठ.

आजी शाळेत बाई होत्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. माझं बोलणं दुरुस्त करायच्या. "'भेटलं' नाही, 'मिळालं'. माणूस भेटतो, वस्तू मिळते." जुनी मुंबईची माणसं, घरात भिंतीभर पितरांचे फोटो, आणि खाण्याचे मात्र फार लाड. डॉक्टरांनी सांगितलेलं सूप त्या तोंडदेखलं प्यायच्या आणि मग मला विचारायच्या, "आज वार कुठला?"

त्या दिवशी बुधवार होता. दहाच्या सुमाराला मी त्यांची वेणी घालून दिली, तेव्हा म्हणाल्या, "खाली जाऊन ओले बोंबील घेऊन ये. ताजे असले तरच."

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

"मी काय पळून जाणार आहे? दार उघडं ठेव, शेजारी आहेत."

मी गेले. मासळी बाजार दहा मिनिटांवर होता. सरळ जाऊन सरळ आले असते तर अर्धा तास पुरला असता. तिथे मला घोडपदेवची, आमच्याच मजल्यावरची एक जण भेटली. तिच्या बहिणीचं लग्न मोडलं होतं, ते ती सांगत राहिली आणि मी पिशवी हातात धरून ऐकत राहिले. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता, घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती.

आजी पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडल्या होत्या. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. तो पाय बघूनच मला कळलं, की खुब्याचं हाड गेलं. वॉर्डात असे पाय पाहिले होते. मी त्यांना उचललं नाही. डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर चादर घातली आणि शेजारी जमिनीवर बसले.

त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "मिळाले का?"

"मिळाले."

"ताजे आहेत?"

"हो, आजी."

"मग फ्रिजमध्ये ठेव आधी."

मी उठून फ्रिजमध्ये ठेवले. मग सरांना फोन लावला. सर तेव्हा मोठ्या कंपनीत नोकरी करायचे, मला ते 'आजींचा मुलगा' म्हणूनच माहीत होते. पाच वेळा लावला, उचलला नाही. ॲम्ब्युलन्स मी बोलावली. शेजारच्या दोघांनी आणि ड्रायव्हरनं मिळून त्यांना अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर तिरकं करत खाली आणलं. सर चार वाजता हॉस्पिटलात आले. टाय सैल केलेला होता. मला म्हणाले, "मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर होता." मी काही विचारलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. आजी त्यानंतर दीड वर्ष जगल्या, पलंगावरच. ते दीड वर्ष मी एकही दिवस चुकवला नाही. मी किती वेळ बाहेर होते हे मला कुणी कधी विचारलं नाही. आजींनी तो विषयच काढला नाही. त्या गेल्यानंतर महिन्याभरानं सरांनी मला घरी बोलावलं. नोकरी सोडली असं म्हणाले. "ताई, मला असं काहीतरी सुरू करायचंय. तुमच्यासारख्या बायका हव्यात. तुम्ही शिकवाल का?"

पहिल्या बॅचला सहा जणी होत्या, त्यांच्याच हॉलमध्ये, सोफ्यावर आणि सतरंजीवर. तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली ती जवळजवळ जशी घडली तशीच. "ताई खाली गेल्या होत्या, तेवढ्यात आई पडली," असं म्हणाले. "ताईंनी सगळं सांभाळलं, मी पोचलोही नव्हतो." सहाही जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीच्या दोऱ्यांकडे पाहत होते.

पुढे काम वाढलं. ऑफिस झालं, पैसे गुंतवणारे लोक येऊ लागले. त्यांच्यासमोर कसं बोलायचं ते शिकवायला एक मॅडम यायच्या. हुशार होत्या, गोड बोलायच्या. सरांनी त्यांना गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथेच होते, बायकांचे फॉर्म लावत होते.

त्या म्हणाल्या, "सर, छान आहे, पण गर्दी होतेय. ऐकणाऱ्याला एकच नातं दिसू दे. आई आणि मुलगा. ही बाई मध्ये कशाला?"

सर म्हणाले, "पण ती होती."

"होती, मान्य. पण ती तिथे असली तर मग तुमची कंपनी कशासाठी? बाई असूनही आई पडली, असा अर्थ निघतो. बाई नव्हती, म्हणून पडली. मग पुढचं सगळं आपोआप बसतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मला टाचणी लावली. मी काही बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मला बोलावंसं वाटलं नाही. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मान अवघडून झोपल्यावर हाताला मुंग्या येतात आणि मग तो हात आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं. आणि तसंच राहिलं.

'कुणी आलं का?' हा प्रश्न त्यानंतर कधीतरी गोष्टीत शिरला. तो कुणी घातला ते मला माहीत नाही. आता तो आमच्या ॲप्रनवर छापलेला आहे.

आणि गोष्ट लागू पडते, हे खोटं नाही. हे काम अवघड आहे. पहिल्या आठवड्यात चारातली एक तरी जाते. वास सहन होत नाही, घरचे लोक घालूनपाडून बोलतात. शिवडीची एक मुलगी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आयकार्ड परत द्यायला आली होती. आजोबांनी तिच्या अंगावर जेवणाचं ताट उडवलं होतं. मी तिला बस म्हटलं, चहा दिला. चहा पिताना ती आपणहून म्हणाली, "मॅडम, मी जिन्यावरून उतरत होते ना, तेव्हा सर बोलले ते आठवलं. आता आजोबा विचारत असतील ना, कुणी आलं का?" आणि परत गेली. ते आजोबा जाईपर्यंत अकरा महिने तिथे राहिली. आता ती सुपरवायझर आहे. मी दाखवलेली कूस बदलायची पद्धत ती विसरली असती, पण ती गोष्ट विसरली नाही.

सर बाहेरगावी असले की पहिला तास मला घ्यावा लागतो. पहिल्यांदा तशी वेळ आली तेव्हा मी आदल्या दिवशी ठरवत होते, की त्या जागी आल्यावर काय म्हणायचं. प्रत्यक्षात काहीच अवघड गेलं नाही. "त्या दिवशी ती बाई आली नव्हती," असं मी म्हणाले, माझ्या तोंडानं, माझ्याबद्दल. बायकांनी डोळे पुसले. मी थांबायचं तिथे थांबले. नंतर हात धुतले, डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती.

घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मग कंपनीनं एक व्हिडिओ बनवला, आणि माझ्या मुलीनं तो फोनवर तिच्या आजीला दाखवला. माझी आई मालवणची. पन्नास वर्षं घोडपदेवात काढली तरी घरात मालवणीच बोलते. पूर्ण बघून झाल्यावर तिनं मला विचारलं, "ती बाय म्हंजे तू मां?"

"हो."

"तू तर कधी खाडो करूक नाय."

"नाय."

"मगे असा कित्याक म्हणतत?"

"गोष्ट आसा गे आई ती," मी म्हटलं.

ती मुलीला म्हणाली, "बंद कर ता." आणि तांदूळ निवडायला घेतले. चार दिवस माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती.

गेल्या वर्षीच्या एका बॅचमध्ये पन्नाशीची एक बाई आली. काळाचौकीची. आधी तीन ब्युरोंत काम केलेली, हातांवर चट्टे, बोलायला फटकळ. सर त्या दिवशी दिल्लीला होते, गोष्ट मी सांगितली. सगळ्या डोळे पुसत होत्या, आणि हिनं हात वर केला.

"मॅडम, त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या?"

"जी आली नाही तिचं."

मागे कुणीतरी म्हणालं, "काढून टाकलं असेल." दोघी-तिघी हसल्या.

ती हसली नाही. "नाही, पण ती का आली नाही ते कुणी विचारलं का? पोरगं आजारी असेल. पाणी भरायचं असेल. आम्ही एक दिवस गेलो नाही की पेशंट पडतो आणि गेलो की कुणी बघत पण नाही. म्हणून विचारते."

"ती आली होती," मी म्हणाले.

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. मग पुढचं सांगावं लागलं. मी खुर्ची ओढून बसले आणि वेणी घातली तिथपासून जिना उतरेपर्यंत सगळं सांगितलं. बोंबलांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पाय कसा वळला होता ते सांगितलं तेव्हा पुढे वाकल्या. रडलं कुणीच नाही. उलट प्रश्न विचारायला लागल्या.

"उचललं का नाही?"

"उचलायचं नसतं. हाड आणखी सरकतं."

"पाणी दिलंत?"

"नाही. ऑपरेशन लागेल असं वाटलं, म्हणून तोंडानं काही दिलं नाही. ओठ ओले केले फक्त."

मग पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीनं विचारलं, "पण मॅडम, तुम्हीच सकाळी बोर्डवर लिहिलंत ना, पेशंटला एकटं सोडायचं नाही? मग तुम्ही कशा गेलात?"

बोर्डवर तो पहिला नियम होता. तो मीच घातलेला, पहिल्या बॅचपासून.

"चुकले," मी म्हणाले.

"किती वेळ गेला होतात?"

"अर्धा तास."

हे लिहिताना मी पाऊण तास लिहिलं आहे, वर. त्यांना मी अर्धा तास सांगितलं. बाजारात भेटलेल्या बाईबद्दल सांगितलं नाही. बारा वर्षांनी खरं सांगायला बसले आणि त्यातलंही थोडं मागे ठेवलं.

ऑफिसात गोष्टी लपत नाहीत. सर दिल्लीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. मला वाटलं रागावतील. ते बसलेही नाहीत, खिडकीशी उभे राहिले. मंगळवार होता, खाली देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी होती.

"तुम्हाला राग आला होता, तर मला सांगायचं होतंत, ताई." चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात.

"राग नाही आला, सर. तिनं विचारलं, म्हणून सांगितलं."

"सुरुवातीला मी ते तुमच्यासाठी केलं होतं. खरंच. 'बाई खाली गेली होती' म्हटलं, की लोक विचारायचे, कुठे गेली होती? आणि तुम्ही समोर बसलेल्या असायचात. मला ते बघवायचं नाही. आली नव्हती म्हटलं, की प्रश्न संपतो."

हे मला आजवर सुचलं नव्हतं. खरं असेल. त्या मॅडम बोलल्या तेव्हा मी गप्प का बसले, याचंही उत्तर त्यात असेल. न आलेल्या बाईला नाव नसतं. बोंबील आणायला गेलेल्या बाईला असतं.

मग ते म्हणाले, "आणि माझा फोन. पाच मिस्ड कॉल. ते मी कुठे सांगणार होतो? त्यापेक्षा तीन तासांनी दार उघडणारा मुलगा बरा." खिडकीकडून वळून म्हणाले, "गंमत सांगू? मला आता ते आठवतं. दार उघडल्याचं. जोर लावावा लागला होता, असं आठवतं."

"सर, दार उघडंच होतं त्या दिवशी. आणि तुम्ही घरी आलाच नाहीत. हॉस्पिटलात आलात."

"माहीत आहे."

"आजी तुमच्याबद्दल काही वाईट बोलल्या नाहीत कधी," मी म्हणाले. ते खरं होतं. त्या चांगलंही फारसं बोलल्या नव्हत्या, पण ते मी सांगितलं नाही.

सर खुर्चीत बसले. दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला. "आता काय करायचं, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "तुमची गोष्ट ऐकून बायका टिकतात. माझी ऐकून त्या प्रश्न विचारतात. दोन्ही लागतं. पहिला तास तुम्ही घ्या. दुसऱ्यात मी माझं सांगेन."

"एकाच दिवशी? दोन वेगवेगळ्या गोष्टी?"

"मी म्हणेन, हे दुसऱ्या घरातलं आहे."

त्यांनी मान हलवली. त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. मला काय झालं ते मी शोधत होते, पण सापडलं नाही. जागेवर येऊन मी हजेरी पुरी केली.

तेव्हापासून तसं चाललं आहे. दुसऱ्या तासाला मी एका बाईची गोष्ट सांगते, जी मासळी आणायला खाली गेली आणि तिची पेशंट पडली. तिनं काय चूक केली आणि मग काय बरोबर केलं, ते मुलींनाच विचारते. त्या भांडतात, हिरिरीनं बोलतात. आणि आता आठवड्यातून दोन-चार फोन येतात. "मॅडम, आजोबा खाली पाठवतायत, पेपर आणायला. जाऊ का?" मी सांगते, शेजारचं कुणीतरी बसव आणि जा, दहा मिनिटांत ये. मग घड्याळ बघते. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला की पुढचं काम घेते.

काळाचौकीची ती बाई दोन महिन्यांनी सोडून गेली. तिला जुन्या ब्युरोत जास्त पैसे मिळत होते. जाताना मला म्हणाली, "तुमच्या सरांची गोष्ट चांगली आहे, पण ती आमच्याबद्दल नाही."

यंदा कंपनीच्या वर्धापन दिनाला दादरला एक सभागृह घेतलं होतं. सगळ्या बायका, काही पेशंटचे नातेवाईक, पैसे गुंतवलेले लोक. मी माझ्या आईला नेलं नाही. सर स्टेजवर आले. मागे पडद्यावर गिरगावातल्या घराचा फोटो होता. आवाज खाली आणत ते त्या जागी पोचले, आणि थांबले. एरवी थांबतात त्यापेक्षा आधी थांबले. गेल्या वर्षीच्या त्या बॅचमधल्या ज्या मुलींना खरं ठाऊक होतं, त्यांच्यातल्या दोघींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत होते.

"त्या दिवशी ती बाई आली नव्हती," सर म्हणाले.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उभी राहिले, मीही वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईचे डोळे भरले होते. तिला माझा रुमाल दिला.

जेवणाच्या रांगेत सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना पुढे बोलावत होते, तरी ते रांगेतच थांबले.

"ऐनवेळी जमलं नाही, ताई," ते हळूच म्हणाले. "ओठांवर आलं होतं."

"असू दे, सर."

"तुम्हाला काय वाटलं?"

मी विचार केला. त्यांना काहीतरी द्यावं असं वाटत होतं, पण द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. "माईकचा आवाज मागपर्यंत नीट येत होता," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरचं एक ताट उचललं, उलटंसुलटं करून ओलं आहे का ते पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. मग दुसरं स्वतःसाठी घेतलं. मागून कुणीतरी आम्हाला पुढे सरकायला सांगितलं, आणि आम्ही सरकलो.